लाकूड उपासाला चालतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीनललाही नाही. मीनल म्हणजे माझी बायको, जिला माझ्या ऑफिसातल्या रिव्ह्यूपासून माझ्या पायाच्या अंगठ्याच्या नखापर्यंत सगळं ठाऊक असतं. मग तुम्हालाच का सांगतोय? नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही आणि समोर बसलेले नाही, एवढी एक सोय आहे.

सुरुवात बिअरपासून करतो, ते सोपं आहे.

सिॲटलच्या शेजारी बॉथेल म्हणून गाव आहे, तिथे आम्ही राहतो. आमचं गॅरेज दोन गाड्यांचं, पण आत गाडी एकच. उरलेल्या अर्ध्यात मी बिअर करतो — करायचो. इथे हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येतं आणि माणसाला काहीतरी उद्योग लागतो. कुणी बासरी शिकतं, कुणी मॅरेथॉनची तयारी करतं, मी मोठ्या पातेल्यात भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, उकळायला लागलो. माझी खासियत स्टाउट. काळीकुट्ट, कॉफीसारखी कडवट, वर बदामी फेस. ती दारूच्या जुन्या पिंपात मुरवली की तिला व्हॅनिलाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि किंचित धुराचा वास येतो. आता घरात पिंप कोण ठेवणार? म्हणून आमच्यासारखे हौशी लोक ओकच्या भाजलेल्या लाकडाचे तुकडे आणतात, ते बर्बनमध्ये, म्हणजे मक्याच्या व्हिस्कीत, महिना-दोन महिने भिजत घालतात आणि मग बिअरमध्ये टाकतात. लोणच्याच्या फोडी मुरवतात त्यातलाच प्रकार. लवकर काढले तर नुसता दारूचा भपका, उशिरा काढले तर फळी चाटल्यासारखं तुरट. नेमके कधी काढायचे हे कुठल्या रेसिपीत लिहिलेलं नसतं, ते जिभेला कळावं लागतं.

आणि माझ्या जिभेला काही कळत नव्हतं. त्या वर्षी उन्हाळ्यात मला कोविड झाला आणि वास गेला. ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र परत यायचं नाव घेईना. फोडणी, साबण, ओला टॉवेल, सगळं सारखंच. मीनल बिअरच्या वाटेला जात नाही, तिला सगळ्या बिअरला कारल्याची चव लागते. डिसेंबरात घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या होमब्रू क्लबची स्पर्धा होती. आदल्या दोन्ही वर्षी मी तिसरा आलो होतो, आणि मला पहिला यायचं होतं. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं ना? क्षुल्लकच होतं.

आता शिरीष.

शिरीष माझा पुण्यापासूनचा मित्र. एकाच कंपनीतून आम्ही आगेमागे इकडे आलो आणि दहा मिनिटांच्या अंतरावर घरं घेतली. त्याची बायको अमृता, मुलगी रेवा. रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. शिरीष प्यायचा. आधी आपण सगळे पितो तसा, मग आपण पीत नाही तसा. शेवटी अमृताने त्याला ट्रीटमेंट सेंटरमध्ये नेलं, तिथे तो दीड महिना राहिला आणि दारू सोडून आला. सुटली ती खरोखर सुटली. दोन वर्षं त्याने थेंब घेतला नाही.

हा माणूस उपासांचा पक्का. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत जेवायचा नाही, आणि इथे ढगांमुळे चंद्र दिसायची मारामार, मग वेबसाइटवर चंद्रोदयाची वेळ बघायचा. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही यावर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. बटाटा चालतो, टोमॅटो चालत नाही, कोथिंबिरीवर त्याच्या आईचं आणि अमृताच्या आईचं एकमत नाही. दारू सोडली त्यालाही तो माझा कायमचा उपास म्हणायचा. पार्टीत कुणी ग्लास पुढे केला की हसून हात जोडायचा, उपास आहे रे.

तरीही तो दर शनिवारी दुपारी माझ्या गॅरेजमध्ये यायचा. त्याला त्या कामाची गोडी होती: तापमान बघणं, नळ्या धुणं, वहीत नोंदी करणं. आधीपासून आम्ही दोघं मिळूनच करायचो, आणि सोडल्यावरही त्याला तेवढं एक सोडवेना. अमृताला काळजी वाटायची. पण तिने मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझ्यावर सोड, माझ्यासमोर तो कशाला हात लावणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये याचं कौतुक होतं. त्याचं तर होतंच — बिअरच्या घरात बसतो आणि चाखत नाही — पण थोडं माझंही होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी तीन बरण्या भरल्या. एकीत हलकं भाजलेलं लाकूड, दुसरीत मध्यम, तिसरीत करपवलेलं, आणि तिन्हींत बर्बन. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. काही नाही. तुकडा जिभेवर ठेवला, ओलं लाकूड. शिरीष समोर स्टुलावर बसून बादली पुसत होता. त्याने नुसता वास घेऊन सांगितलं की मधली बरणी बरी वाटतेय, पण वासावरून खात्री देता येणार नाही, तुरटपणा वासात कळत नाही.

मग मी बोललो. म्हणालो, एक तुकडा तोंडात टाक की. सुपारीसारखा चघळ आणि थुंकून दे. ती काय दारू झाली?

तो बादली पुसत राहिला.

मी म्हणालो, अरे लाकूड आहे यार. लाकूड उपासाला चालतं.

तो हसला. मीही हसलो. चांगला विनोद होता, आणि मला तो सुचल्याचा आनंद झाला, हे मला स्पष्ट आठवतं. त्याने बादली खाली ठेवली, चिमट्याने एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चघळला. मग म्हणाला, अजून महिनाभर. तुकडा त्याने पेपर टॉवेलमध्ये थुंकला आणि टॉवेलची नीट घडी करून कचऱ्यात टाकला.

इथवरचं सांगणं मला अवघड नाही. चूक झाली, मूर्खपणा झाला, मस्करीची कुस्करी झाली, असं म्हणून कुणीही सुटतो. मीही स्वतःला बरेच दिवस एवढंच सांगत होतो. पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

पुढच्या शनिवारी त्याने मी न सांगताच तुकडा घेतला. त्याच्या पुढच्या शनिवारी तिन्ही बरण्यांतला एकेक. आणि बरण्यांतली पातळी उतरायला लागली. लाकूड दारू शोषतं, हे खरं आहे, पहिल्या आठवड्यात दोन बोटं कमी होतेच. पण ते पहिल्या आठवड्यात. एकदा भिजलेलं लाकूड पाचव्या आठवड्यात चार बोटं पीत नाही. मी इंजिनिअर आहे, मला मापं कळतात. मी त्या बरण्यांकडे बघितलं, मला कळलं, आणि मी दुकानात जाऊन बर्बनची नवी बाटली आणली. शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही बरण्या पहिल्या खुणेपर्यंत भरून ठेवल्या. त्याला वाटावं की मला कळलेलं नाही. पुढच्या शुक्रवारीही भरल्या, त्याच्या पुढच्याही.

अजून एक आहे, ते सांगून टाकतो. शनिवारी मी चहा आणायला घरात जायचो. गॅरेजमधून घरात यायला दोन पायऱ्या आणि एक दार. चहा घेऊन परत येताना दार उघडायच्या आधी मी त्या पायऱ्यांवर चपला आपटायचो. मुद्दाम. आवाज व्हावा म्हणून — त्याला झाकण लावायला वेळ मिळावा म्हणून. मग दार उघडायचो, आणि तो वहीत काहीतरी लिहीत असायचा. आम्ही चहा प्यायचो.

का केलं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि हाती फारसं काही लागलेलं नाही. त्याला टोकलं असतं तर तो यायचा थांबला असता आणि मला त्याची जीभ हवी होती, हे एक. दुसरं जरा वाईट आहे. न पिणारा मित्र समोर बसला की आपल्या ग्लासाकडे आपलंच लक्ष जातं. तो घसरला तेव्हा मला हलकं वाटलं. आमची जुनी मैफल परत आली, आता कुणी कुणाच्या वर नाही, असं काहीसं. तेव्हा हे शब्दांत नव्हतं. पण होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने सांगितलं, मधली बरणी आज काढ, आजच. मी तुकडे काढले आणि स्टाउटच्या काचेच्या बुधल्यात टाकले.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, तो रेवाला स्विमिंगहून आणत होता. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी ट्रॉल्यांच्या रांगेवर घातली. रेवाच्या हनुवटीला दोन टाके पडले. पोलिसांनी त्याला यंत्रात फुंकायला लावलं. त्या दिवशीची दारू माझी नव्हती, त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत बाटली सापडली. एव्हाना त्याला माझी गरज उरली नव्हती.

दोन दिवसांनी अमृता आमच्याकडे आली. तोवर मी बरण्या रिकाम्या करून, धुऊन, वरच्या फळीवर पालथ्या घातल्या होत्या. ती किचनमध्ये टेबलापाशी बसली, कोटही काढला नाही. मीनलने चहा ठेवला. अमृता रडत नव्हती. ती म्हणाली, "तो म्हणतोय की इथून सुरू झालं. तुझ्या गॅरेजमध्ये. कसलेतरी लाकडाचे तुकडे चाखायला दिलेस म्हणतो, आणि मग तो बरणीतून प्यायला लागला. तुला माहीत होतं म्हणतो."

मी गॅसकडे बघितलं. चहा उकळत होता.

"मकरंद, मला फक्त हो किंवा नाही सांग. पिणं हा आजार आहे, ते मला कळतं. परत सेंटरला नेईन, सगळं परत करीन. पण तो तोंडावर खोटं बोलत असेल, दुसऱ्यावर ढकलत असेल, तर रेवाला मी त्याच्यासोबत एका घरात नाही ठेवू शकत. आय कान्ट."

म्हणजे बघा, तिने मला सगळं सांगून विचारलं. माझ्या हो मध्ये काय आहे आणि नाही मध्ये काय आहे, दोन्ही टेबलावर मांडून. नकळत झालं असं म्हणायची जागाच तिने ठेवली नाही.

मीनल गॅसपाशी वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. उलट थोडा राग होता — तो अमृताबद्दल नाही, शिरीषबद्दल, त्याने माझं नाव घेतलं म्हणून. मला त्या चेहऱ्याची भीती वाटली. पोलिसांची नाही, ग्रुपची नाही, वकिलाची नाही. मीनलचा चेहरा माझ्या देखत बदलेल, याची.

मी म्हणालो, "नाही गं. इथे त्याने कधीच कशाला हात लावला नाही."

तेवढ्यावरही थांबता आलं असतं. मी पुढे म्हणालो, "या आजारात माणसं रचतात काहीतरी. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटतं. तू मनावर घेऊ नकोस."

अमृताने मान हलवली. चहा घेतला. जाताना मीनलने तिला डब्यात पोळ्या दिल्या. आणि तिथून दहा पावलांवर, भिंतीच्या पलीकडे, त्या लाकडासकट ती बिअर मुरत होती.

शिरीष एका महिन्याने अपार्टमेंटमध्ये राहायला गेला. तिथून त्याचा एकदा फोन आला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो ओरडला नाही. म्हणाला, "मक्या, मी प्यायलो ते मीच प्यायलो, तुझ्यावर नाही टाकत. तू फक्त अमृताला एवढं सांग की मी खोटं बोललो नाही. बाकी काही नको."

मी म्हणालो, "बघतो."

आपल्यात बघतो म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. त्याने पुन्हा फोन केला नाही.

स्पर्धेत मी दुसरा आलो. परीक्षकांच्या कागदावर लिहिलं होतं की ओकचा तोल अचूक साधला आहे. तो कागद मी टाकून दिला, पण त्याआधी वाचला, आणि दुसऱ्यांदाही वाचला. बिअर पुढे वर्षभर केली, मग सोडली. कुणी विचारलं की सांगतो, वास नीट परतला नाही. खरं तर आता बराच परतला आहे.

त्यांचा घटस्फोट झाला. शिरीषची नोकरी गेली आणि तो पुण्याला परतला, मोठ्या भावाकडे राहतो. एका क्लासमध्ये गणित शिकवतो म्हणे. पीत नाही, असं आमचा एक कॉमन मित्र सांगतो. मी विश्वास ठेवतो, मला ठेवायला काय जातं.

अमृता इथेच आहे. ती मला मानते — हा शब्द तिचाच. एकदा कुणाच्यातरी घरी गणपतीच्या आरतीनंतर ती चारचौघांत म्हणाली की त्या वर्षी सगळ्यांनी तिच्याशी काही ना काही लपवलं, एक मकरंद सोडून. प्रसादाची वाटी माझ्या हातात होती. मी ती संपवली. तुम्ही विचाराल, तेव्हा काय वाटलं? काही वाटलं नाही. हेच मला नीट सांगता येत नाही. लाज वाटायला हवी, घशात अडकायला हवं, झोप उडायला हवी. मी व्यवस्थित झोपतो. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसा एक भाग बधिर आहे, आणि इंजेक्शन मीच घेतलंय, आणि ते उतरत नाही. रेवाच्या शाळेच्या फॉर्मवर आई पोचू शकली नाही तर कुणाला फोन करायचा, तिथे माझं नाव आहे. मी वर्षाला एकदा त्या फॉर्मवर सही करतो.

रेवा आता चौदा वर्षांची आहे. व्हायोलिन वाजवते. अमृताची रविवारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी असते, म्हणून ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसला तिला मी सोडतो. गाडीत आम्ही फारसं बोलत नाही, ती कानात इअरबड घालून बसते. तीन आठवड्यांपूर्वी तिने एक इअरबड काढला आणि म्हणाली, "काका, डॅडने मला ईमेल लिहिलीय. खूप लाँग."

मी म्हणालो, "अच्छा."

"ही सेज इट स्टार्टेड विथ अ पीस ऑफ वुड. इन युवर गॅरेज. मॉम सेज ही जस्ट मेड दॅट अप." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "डिड ही? मेक इट अप?"

सिग्नल लाल होता. माझ्याकडे वेळ होता, हे मी सांगून ठेवतो. पुढच्या गाडीच्या काचेवर शाळेचं स्टिकर होतं, ते मी वाचलं. तिच्या हनुवटीवरची टाक्यांची खूण आता नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. तिने मला मराठीत काका म्हणून विचारलं होतं, आणि तिला उत्तरात फक्त एक शब्द हवा होता, तिच्या आईसारखाच.

मी म्हणालो, "तुझे बाबा तेव्हा खूप आजारी होते, बाळा."

बघा, किती व्यवस्थित वाक्य आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही.

तिने हातातल्या इअरबडकडे बघितलं. मग म्हणाली, "ओके. देन आय वोन्ट राइट बॅक." आणि तिने इअरबड परत कानात घातला. शाळेपाशी उतरताना थँक्स काका म्हणाली, मागच्या सीटवरचं व्हायोलिन घेतलं आणि दार हळू लावलं. ती दार नेहमी हळूच लावते.

शिरीष खरं बोलला होता. लाकडाचं खरं होतं, बरण्यांचं खरं होतं, मला माहीत होतं हेही खरं होतं. त्याने बायकोला खरं सांगितलं आणि पाच वर्षांनी मुलीला खरं सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्याला खोटं पाडायला मी तिथे होतो.

त्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही वेळा मी तिला सोडलं आणि आणलं. तिने त्याला उत्तर लिहिलेलं नाही, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.